बारा एकरांची हवाई तपासणी

माणूस खरं बोलतोय की खोटं, हे मला त्याच्या पायांवरून कळतं. थट्टा नाही! चौतीस वर्षं मी एस.टी.च्या तपासणी पथकात काढली आहेत. लातूर-निलंगा रस्त्यावर बाभळीखाली उभं राहायचं, गाडी आली की हात करायचा, आणि आत चढल्यावर आधी प्रवाशांचे पाय बघायचे. ज्याच्याकडे तिकीट नाही त्याचे पाय आपोआप सीटखाली सरकतात. आणि जो मी मागायच्या आधीच तिकीट वर धरून नाचवतो, त्याचं तिकीट हमखास मागच्या थांब्यापर्यंतचंच असतं. हे माझं शास्त्र आजवर एकदाही चुकलेलं नाही. बरं, एकदा चुकलं, आणि तेच आता सांगायला बसलो आहे.

निवृत्त झालो आणि तपासायला काही उरलं नाही. मग मी घर तपासायला घेतलं. दूधवाल्याचं माप तपासलं, पाण्याचं मीटर तपासलं, आमची दानम्मा गुरुवारी भजनाला जाते ती खरंच भजनालाच जाते का, तेही तपासलं. ती भजनालाच जात होती, पण खिडकीबाहेर मला बघून मंडळातल्या बायकांनी भजन थांबवलं आणि त्यानंतर दानम्माने आठ दिवस माझ्याशी बोलणं थांबवलं.

शेवटी माझी मुलगी अक्षरा हिने मला एक ड्रोन आणून दिला. तळहातावर मावेल एवढासा. तिचं लातुरात स्वतःचं मेडिकल आहे, त्यामुळे कुठल्या दुखण्याला काय द्यायचं हे तिला कळतं. कुठे उडवायचा आणि कुठे नाही, याचा नकाशाही तिने माझ्या मोबाईलवर टाकून दिला. म्हणाली, "अप्पा, तलावावर जा, बागेत जा, झाडं बघा, पाखरं बघा. फक्त माणसं बघू नका."

चार दिवस मी पाखरं बघितली. पाचव्या दिवशी बागेवरून ड्रोन फिरवताना एक गृहस्थ कुंपणाआडून जास्वंदीची फुलं खुडताना दिसले. मी ड्रोन त्यांच्या मागे लावला तो थेट त्यांच्या देवघराच्या खिडकीपर्यंत. ते त्या बागेच्या समितीचे अध्यक्ष निघाले. दुसऱ्या दिवशी फाटकावर नवी पाटी लागली, आणि पाटीवर चित्र ड्रोनचं नव्हतं, माझ्यासारख्या टोपीवाल्या माणसाचं होतं.

हे सगळं चाललं असताना अक्षराच्या लग्नाचं बघणं सुरू होतं. म्हणजे स्थळं येत होती आणि मी ती तपासत होतो. एका मुलाच्या कचेरीसमोर मी तीन दिवस चहाच्या टपरीवर बसलो, तो वेळेवर येतो का बघायला. तो रोज वेळेवर आला. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन नमस्कार करून म्हणाला, काका, आमच्याकडून नकार समजा. अशी चार स्थळं गेली. चौथ्या वेळी जेवताना अक्षराने ताट अर्धं सोडलं. ते ताट मला अजून दिसतं.

मग वीरेशचं स्थळ आलं. मुलगा उदगीरला जनावरांचा डॉक्टर, घर निलंग्याकडचं, आपल्यातलेच लोक. दोघं एकदा भेटली, दोनदा भेटली, आणि एका संध्याकाळी अक्षरा भाकरी थापताना गुणगुणताना ऐकू आली. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. आणि पाणी पुसता पुसता मनात आलं, एवढं सगळं चांगलं कसं असेल?

मी मुलाची माहितीपत्रिका पुन्हा काढून बघितली. 'शेती : बारा एकर बागायत, विहिरीला बारमाही पाणी.' आता सांगा, आमच्या भागात बारमाही पाणी म्हणजे काय चीज असते? अक्षराची पत्रिका मी स्वतः लिहिली होती, त्यामुळे तिच्यात तपासण्यासारखं काही नव्हतं. पण ही दुसऱ्याने लिहिलेली होती!

बैठकीत मी मुलाच्या वडिलांना, मडिवाळप्पांना, सहज विचारलं की विहिरीला पाणी किती हाताला आहे. ते हसून म्हणाले, "येळवशीला या की शेतात जेवायला. डोळ्यांनीच बघा. सगळं उघडंच हाय."

झालं! माझे कान टवकारले. मागायच्या आधीच तिकीट वर!

घरी आल्यावर मी तलाठ्याच्या दप्तरातून त्यांचा सात-बारा काढायला निघालो, तेव्हा अक्षराने वाट अडवली. तिने माझा हात हातात घेतला. "अप्पा, हे स्थळ मोडलं तर मी पुन्हा कुणासमोर बसणार नाही. तुम्ही त्यांच्या शेतात चौकशीला पाऊल टाकणार नाही, असं मला वचन द्या."

मी वचन दिलं. मनापासून दिलं. रात्रभर त्याचा विचार केला आणि पहाटे माझ्या लक्षात आलं की वचन पाऊल टाकण्याबद्दल आहे.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी आमचं अख्खं लातूर रिकामं होतं. दुकानं बंद, रस्ते ओस, आणि ज्याला स्वतःचं शेत नाही तोही कुणाच्या तरी शेतात जेवायला बसलेला असतो. कडब्याची कोप, म्हणजे छोटीशी खोपटी, करायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग भाज्या-डाळींची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, खीर यांच्यावर तुटून पडायचं. त्या दिवशी बांधावर आलेला माणूस ओळखीचा असो वा नसो, त्याला उपाशी पाठवायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा आहे. हा कायदा मी हिशेबात धरला नव्हता, ही माझी पहिली चूक.

आमचं शेतही निलंग्याकडचंच; ते आणि मडिवाळप्पांचं शेत यांच्यामध्ये एक ओढा आणि दीडेक किलोमीटर दुसऱ्या गावाचं शिवार. आम्ही सकाळीच आमच्या आंब्याच्या बागेत, म्हणजे आंब्याखाली, कोप घातली. पूजा झाली. दानम्मा भज्जीचं पातेलं उतरवत होती. मी पिशवीतून हळूच ड्रोन काढला.

"काय करून राहिलाव?" दानम्माने मान न वळवता विचारलं. ती कधीच मान वळवत नाही, तरी तिला सगळं दिसतं.

मी म्हणालो, निसर्गसौंदर्य टिपतोय. करडई फुलली आहे, हरभरा घाट्यांवर आला आहे, असं दृश्य पुन्हा कधी दिसणार? अक्षराने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे बघितलं. माझे पाय कडब्याच्या पेंढीमागे सरकले होते.

ड्रोन उडाला. आधी आमच्या आंब्याभोवती त्याने एक डौलदार चक्कर घेतली, मग विहिरीवरून गेला, मग ओढा ओलांडला. मी उपरणं डोक्यावरून घेऊन त्याच्या सावलीत मोबाईल धरला होता, कारण उन्हात पडद्यावर काही दिसत नव्हतं. ज्वारी दिसली. चिंचेचं झाड दिसलं. ओढ्यापलीकडची चौथी कोप त्यांची, असं मी आधीच पक्कं करून ठेवलं होतं. एक, दोन, तीन... आणि तेवढ्यात एक घार आली.

घारीला माझ्या ड्रोनबद्दल काय संशय आला कोण जाणे, ती त्याच्यामागे हात धुऊन लागली. मी ड्रोन खाली घेतला, डावीकडे घेतला, पुन्हा वर घेतला. या पळापळीत बॅटरी संपत आली. मी घरी परत बोलावण्याचं बटण दाबलं, तर पडद्यावर सूचना आली की वारा समोरून आहे, एवढ्या बॅटरीत परत येता येणार नाही, आहे तिथेच उतरतो आहे. शेवटचं चित्र दिसलं ते एका कोपीचं. कोपीबाहेर सात-आठ माणसं वर बघत उभी होती आणि एका बाईच्या हातात उलथनं होतं. मग पडदा काळा झाला.

आता माझी अवस्था सांगायला नको. तो ड्रोन मडिवाळप्पांच्या हातात पडला असता तर अक्षराचं लग्न मोडलं असतं, तेही माझ्याच हाताने, पाचव्यांदा. तो कसंही करून, कुणाला न कळता परत आणायला हवा होता. कदाचित तो तिसऱ्याच कोपीजवळ पडला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. दानम्माला सांगितलं की जरा पाय मोकळे करून येतो. आणि ओढा ओलांडला.

पहिल्या शेतात ग्यानोबा नावाचे म्हातारे होते. ओळख ना पाळख. मी विचारलं, इकडे काही पडलं का? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कडक इस्त्रीची पँट, खिशाला पेन. "रस्त्यासाठी मोजणी करून राहिलाव का तुम्ही? आत्ताच एक यंत्र गेलं वरून."

मी गडबडलो आणि तोंडाला येईल ते बोललो. म्हणालो, मोजणी कसली, माझं वासरू हरवलंय.

"मग बसा. आंबील घ्या."

मी म्हणालो, नको, घाईत आहे. त्यासरशी ग्यानोबांनी शेजारच्याकडे बघून मान हलवली. येळवशीला आंबील नाकारणारा माणूस म्हणजे सरकारी माणूस, हे त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं. मी मुकाट बसलो. भज्जी, दोन उंडे, खीर, वर दोन तांबे आंबील. पान चाटूनपुसून झाल्यावरच त्यांचा संशय निम्मा फिटला. उरलेला निम्मा फिटावा म्हणून आणखी एक उंडा खाल्ला.

दुसऱ्या शेतात लक्ष्मीबाई. त्यांचा आणि त्यांच्या दिराचा बांधावरून दहा वर्षांचा वाद. आकाशात यंत्र बघितल्यापासून त्या दिराकडे आणि दीर त्यांच्याकडे डोळे वटारून बसले होते. मला बघताच त्या उठल्या. "त्यांनी धाडलंय न्हाई का तुम्हाला? मग आमच्या बाजूनं बी मोजा. हा बांध दरसाली वीतभर इकडं सरकून राहिलाय."

मी वासराचं सांगितलं. त्यांनी रंग विचारला. मी म्हणालो पांढरं. शिंगं? छोटी छोटी, चार. चार हे तोंडातून निघून गेलं, कारण डोक्यात ड्रोनचे चार पंख होते. त्यावर लक्ष्मीबाईंनी शांतपणे माझ्यापुढे पान मांडलं. मी बांधाच्या या बाजूचं जेवलो म्हणून दिराने मला त्या बाजूलाही जेवायला बसवलं. न बसतो तर मी लक्ष्मीबाईंचा माणूस ठरलो असतो!

तिथून निघालो तेव्हा पँटचं वरचं बटण मी स्वतःच्या जबाबदारीवर सोडलं होतं. चालताना पोटात आंबील डुचमळल्याचा आवाज येत होता. तिसऱ्या कोपीजवळ पोचायच्या आतच तिथल्या माणसाने लांबून विचारलं, "चार शिंगांचं वासरू तुमचंच का? ते पुढल्या शेतात उतरलंय. पण आधी चार घास खाऊन जा."

मी खाल्लं. काय खाल्लं ते आठवत नाही.

आता उरली चौथी कोप. मडिवाळप्पांची. वचन आठवलं. पाऊल टाकायचं नाही म्हणून मी बांधावर थांबलो आणि मान लांब करून आत डोकावलो. कोपीत पाच पांडव मांडले होते. त्यांच्या शेजारी सहावा माझा ड्रोन बसला होता. त्याला हळदीकुंकू लावलं होतं आणि समोर द्रोणात खीर ठेवली होती.

"या सिद्रामप्पा," मडिवाळप्पा आतूनच म्हणाले. "ह्यो तुमच्या आधी आला. येळवशीला दारात आलेला पाव्हणा, म्हणून आमच्या गुरम्मानं त्याला बी जेवाया घातलं."

गुरम्मा म्हणजे मुलाची आई. उलथनंवाली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ढेकर आली.

मला आत नेऊन बसवलं. वीरेश मोबाईल घेऊन बसला होता. खाली मान घालून म्हणाला की काका, ड्रोन कुणाचा हे कळावं म्हणून आतलं कार्ड काढून त्यातलं चित्रण बघितलं. मी मनातल्या मनात सगळं जुळवून ठेवलं, की निसर्गसौंदर्य, करडई, घार, वारा. पण मडिवाळप्पांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला.

पडद्यावर मडिवाळप्पांचं शेत नव्हतंच. त्यांच्या शेतावर पोचायच्या आधी घार आली होती आणि मग नुसतं आभाळ, जमीन, आभाळ, जमीन, शेवटी ही कोप. स्वच्छ, सुंदर, अगदी नीट दिसत होतं ते माझं शेत. आंब्याचं एकुलतं एक झाड, त्याभोवती डौलदार चक्कर. मग विहीर. विहिरीत पाणी नाही, आतून वाढून काठाच्या वर आलेली बाभूळ. मग अडीच एकराचा हरभऱ्याचा तुकडा आणि त्याच्या चारही बाजूंना माझ्या भावांच्या वाटण्या. आणि मधोमध डोक्यावर उपरणं घेऊन, आ वासून वर बघणारा मी.

मडिवाळप्पा सावकाश म्हणाले, "पोरीच्या कागदावर आठ एकर हाय. आंब्याची बाग हाय. ह्ये चित्र आम्ही दोनदा बघितलं. ती बाग कुठल्या अंगाला हाय, तेवढं दाखवा."

त्या क्षणी मला कळलं की विनातिकीट प्रवाशाला कसं वाटतं. पाय कुठे ठेवावेत तेच समजेना. कोपीला सीट नसते, त्यामुळे ते सरकवायलाही जागा नव्हती. पण स्वतःची लाज वाटण्याच्या आधी माझ्यासमोर अक्षराचं ते अर्धं सोडलेलं ताट आलं. मी हात जोडले. म्हणालो, मडिवाळप्पा, कागद मी लिहिला. पोरीने एक अक्षर लिहिलेलं नाही. अडीच एकर आहे, एक झाड आहे, विहीर कोरडी आहे. चांगलं स्थळ यावं म्हणून वाढवून लिहिलं. शिक्षा काय ती मला करा, तिला नको.

तेवढ्यात बांधावर सावली पडली. अक्षरा आणि तिच्यामागे दानम्मा, डोक्यावर आंबिलीचं मडकं. ग्यानोबांपासून इथपर्यंत प्रत्येक कोपीने त्यांना माझा माग सांगितला होता.

अक्षराने मोबाईलकडे बघितलं, ड्रोनच्या कुंकवाकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. मला वाटलं, ती रडेल. ती माझ्यासमोर येऊन बसली.

"अप्पा, आठ एकर खोटं आहे हे मी पहिल्याच भेटीत वीरेशला सांगितलं होतं. या सगळ्यांना तेव्हापासून माहीत आहे."

मी मडिवाळप्पांकडे बघितलं. ते मिशीत हसत होते. मग विचारलं कशाला, असं मी म्हणणार, तर गुरम्माच बोलल्या, की खोटं लिहिल्याचा राग नव्हता हो, पण तुमच्या तोंडून खरं निघतंय का, ते बघायचं होतं. ज्या घरातून सून आणायची तिथला बाप चूक कबूल करणारा असला म्हणजे झालं.

"चौतीस वर्षं लोकांची तिकिटं तपासलीत तुम्ही," अक्षरा हळूच म्हणाली. "आज कुणीतरी तुमचं मागितलं."

मी तिच्याकडे बघू शकलो नाही. ती मात्र माझ्या उपरण्याने माझंच तोंड पुसत होती, कारण तिथे तीन शेतांची भज्जी लागलेली होती. वीरेशने तिला पाण्याचा तांब्या दिला आणि ती तो घेताना हसली. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. लग्नाची तारीख तिथेच, त्या कडब्याच्या कोपीत, सहा पांडवांसमोर ठरली. मडिवाळप्पांची अट एकच होती. मांडवात ड्रोन नको.

मग ते उठून म्हणाले, चला, आता आमचं शेत बघून घ्या, बारा एकर पुरं फिरवून आणतो, विहीर बी दाखवतो. मी उठायला गेलो. उठता येईना. गुरम्मांनी तोवर माझ्यापुढे पान वाढलं होतं, आणि व्याह्यांच्या घरचं पहिलं पान नाकारायचं कसं? ते पाचवं जेवण झाल्यावर मी कोपीतच आडवा झालो. उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि दानम्मा बैलगाडी मागवत होती.

लग्न होऊन आता वर्ष होईल. अक्षरा सुखात आहे, अजून गुणगुणते. ड्रोन मी तिच्याकडेच ठेवायला दिला आहे. त्यानंतर मी मडिवाळप्पांच्या शेतात चारदा जाऊन आलो. दर वेळी ते म्हणतात, आधी जेवा, मग शिवार फिरू. दर वेळी मी जेवतो, आडवा होतो आणि परत येतो. बारा एकर आहेत की नाहीत, विहिरीला पाणी आहे की बाभूळ, मला आजतागायत कळलेलं नाही. मी आता कुणावर संशय घेत नाही. फक्त ते लोक मला इतक्या आग्रहाने का वाढतात, एवढ्या एका गोष्टीचा मात्र थोडासा येतो.